पंख्याचं बाळंतपण

माझं बोलणं ऐकताना त्यातलं निम्मं वजा करायचं आणि उरलेल्याला दोनाने भागायचं, अशी आमच्या चिखलीत रीत आहे. माझी बायको तर भागून झाल्यावर शेजारणीला विचारून खात्रीही करून घेते. याचा मला कधी अपमान वाटला नाही. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये उभी नोकरी काढलेल्या माणसाला दुसरी करमणूक असते कुठली? समोर काट्यांची भिंत, मागे घड्याळ, मध्ये आपण. काटा हलला तर घाबरायचं, नाही हलला तर कंटाळायचं. मधल्या वेळात मी गोष्टी रचल्या. त्या कँटीनमध्ये सोडल्या. तिथून त्या आपल्या पायाने कॉलनीत गेल्या, एसटीत बसून मलकापूर, बुलढाणा, चिखली असा प्रवास करून आल्या आणि परत माझ्याच कानावर पडल्या तेव्हा मलाच ओळखू येईनाशा झाल्या.

देवीदासभाऊंबद्दल जे लिहितोय त्यातलं मात्र काही वजा करू नका. त्यांच्यातलं जेवढं वजा करायचं तेवढं मी आधीच केलेलं आहे.

देवीभाऊ मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेचे. अंगाने असे की पंख्याच्या वाऱ्यात उभे राहिले तर आधी खाकी विजार उडून जाईल आणि मागाहून देवीभाऊ, असं मी म्हणत असे. नाक सरळ, मिशा पांढऱ्या, आणि दोन्ही कानांत कापूस. हा कापूस बाजारातला नव्हे. त्यांच्या स्वतःच्या शेतातला, स्वतः निवडलेला, सरकी काढून पाकिटात भरून आणलेला. दर सोमवारी नवा. कॉलनीत, कँटीनमध्ये, बाजारात, सभेत, देवीभाऊ कापसाच्या आड राहायचे. त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहायचं आणि ओठ मोठे हलवायचे. कोणी म्हटलं, "देवीभाऊ, कापूस काढा ना जरा," की उत्तर ठरलेलं:

"कान वापरलं की झिजते. तुमच्या गप्पायसाठी काऊन झिजवू?"

कापूस ते फक्त यंत्रासाठी काढायचे.

आमचं केंद्र बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीला खेटून पलीकडे. त्याची चिमणी इकडच्या शेतांमधून दिसते आणि लोक तिचा धूर कुठे वळला ते पाहून वारा ओळखतात. बाहेरून बघणाऱ्याला आत काय चालतं त्याचा पत्ता नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. रेल्वेने कोळसा येतो. तो दळून पिठासारखा बारीक करायचा, भट्टीत फुंकायचा, त्यावर पाण्याची वाफ करायची, वाफेने चाक फिरवायचं आणि चाकाने वीज करायची. उरला धूर. तो भट्टीतून ओढून चिमणीत ढकलायला दोन पंखे. पंखा म्हणजे छताला टांगलेला नव्हे. आमच्या चिखलीतल्या दुमजली घरावरून बुलडोझर फिरवण्याऐवजी हा पंखा नुसता शेजारी आणून सुरू केला असता तरी काम झालं असतं. (यातलं निम्मं वजा करायला हरकत नाही. हे पंख्याबद्दल आहे.)

या पंख्यांपाशी, कोळशाच्या चक्क्यांपाशी, पंपांपाशी देवीभाऊ राउंड घ्यायचे. हातात सळई. हातभर लांब, एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला बाभळीच्या लाकडाचा गोळा. निमुळतं टोक बेरिंगच्या पेटीवर टेकवायचं, गोळ्याला उजवा कान लावायचा, डोळे मिटायचे. तो गोळा त्यांच्या कानाला घासून घासून खारकेच्या रंगाचा झाला होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला केंद्र दाखवायला कोणी सोबत नव्हतं, मी एकटाच भटकत तिथे पोचलो तर हा माणूस असा उभा. मी बोलका माणूस. आवाजावर आवाज चढवून मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आजोळ सांगितलं. देवीभाऊंनी डोळे न उघडता हात वर केला, तळवा माझ्याकडे. आणि खोटं सांगत नाही, त्या एवढ्या गदारोळात मला एकदम शांत झाल्यासारखं वाटलं.

मग ते म्हणाले, "आधी तो बोलून राह्यला ना. त्याचं होऊ द्या, मंग तुमचं."

"कोण बोलतंय?"

"पंखा."

"काय म्हणतो?"

"काई नाई. बरा हाय म्हणते."

तेव्हापासून ते माझ्या तोंडी 'डाक्टर' झाले आणि महिन्याभरात सगळ्या केंद्राच्या.

इथे एक गोष्ट कबूल करतो. देवीभाऊ स्वतः कधीही गमतीचं बोलले नाहीत. 'बरा हाय म्हणते' हे ते गंभीरपणे म्हणाले होते. राउंड संपला की फोन करायचे आणि वाणसामानाची यादी सांगावी तसं सांगायचे: "तीन नंबरच्या पंपाले ग्रीस द्या. चक्की पाचमधी दगड आला, काढून घ्या. बाकी ठीक. लिहून घ्या." शेवटचे दोन शब्द कधी चुकायचे नाहीत. कारण आमच्याकडचा नियम असा की राउंडवाल्याने तोंडी सांगायचं आणि डेस्कवाल्याने लॉगबुकात लिहायचं. लिहिलं नाही ते घडलंच नाही. डेस्कवर मी.

यादी काय, मी लिहायचो. पण यादीची गोष्ट होत नाही ना! म्हणून कँटीनमध्ये चहा आला की मी डाक्टरांना बोलतं करायचो. पंपाला ग्रीस हवं असेल तर माझे डाक्टर म्हणायचे, "ह्याच्या सांध्यायले वात धरला, तेल चोळा." चक्कीत दगड आला तर, "हिच्या भाकरीत खडा आला, हे आता सासूशी भांडते." पोरं टेबल बडवून हसायची. आणि देवीभाऊ? ते त्याच कँटीनमध्ये, दोन टेबलं पलीकडे, ज्वारीची भाकर आणि ठेच्याचा डबा उघडून बसलेले. कानात कापूस. आम्ही हसलो की तेही वर बघून हसायचे. पोरं आनंदात आहेत, बरं आहे, असं काहीसं.

एकदा आमच्या एका सोबत्याच्या मुलीचं लग्न चिखलीला होतं. मंडपाच्या मागे जनरेटर. काय घडलं ते आज पहिल्यांदा खरं सांगतो. जनरेटरचा पट्टा सैल होता, तो आवाज देवीभाऊंना कापसातूनही खटकला. ते मंगलाष्टकं संपेपर्यंत थांबले, हातातल्या अक्षता टाकल्या, मागे गेले, पट्टा ताणून दिला आणि जेवायला बसले. संपलं. पण सोमवारी कँटीनमध्ये पोचेस्तोवर त्यांनी मंगलाष्टकांच्या मधोमध हात वर करून भटजींना थांबवलं होतं. नवरा-नवरी माळा हातात धरून ताटकळत उभे. पाचशे माणसं चिडीचूप. देवीभाऊंनी जनरेटरच्या छातीला सळई लावली आणि वळून मुलीच्या बापाला विचारलं, "काऊन हो, ह्याले लग्नाचं आमंत्रण नव्हतं का? रुसला ना तो!" ही गोष्ट इतकी चालली की वर्षभराने त्या मुलीच्या बापानेच ती मला सांगितली. स्वतः मंडपात हजर असलेला माणूस! "हो ना मधूभाऊ, मी तिथंच होतो."

मला तेव्हा काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू. आज वाटतं, तिथेच घाबरायला हवं होतं.

देवीभाऊंचा स्वतःचा असा एकच हट्ट होता. वीज ते मेगावॅटमध्ये मोजत नसत. गिरण्यांत मोजत. धामणगावात त्यांच्या पुतण्याची पिठाची गिरणी होती, ते त्यांचं माप. भार वाढला की म्हणायचे, "चाल, गिरण्या चालू झाल्या." नव्या पोरांना ते एकच गोष्ट शिकवायचे: "ज्वारी कोठीत भरून ठेवता येते. हे नाई येत. हे तव्यावरून सरळ तोंडात. तुम्ही हितं या घडीला हात काढला का तिकडं त्याच घडीला कोनाची तरी गिरणी थांबते, अर्ध्या दळणात. ती बाई डबा घेऊन उभी राह्यते. ध्यानात ठेवा."

गावात याची त्यांना किंमत मोजावी लागे. त्यांच्या गावाच्या लेखी वीजकेंद्र म्हणजे देवीभाऊच. सुट्टीला गेले आणि वीज नसली की पारावरची माणसं गाठायची. "काय देवीभाऊ, लाईन काऊन बंद केली?" तार तुटली असेल, डीपी जळली असेल, भारनियमन असेल. हा माणूस एकदाही म्हणाला नाही की माझा काय संबंध. मान खाली घालून म्हणायचे, "येते. पाह्यतो मी." आणि वीज यायची तेव्हा यायची. एकदा मी त्यांना म्हटलं, अहो सांगत का नाही की तुमच्या हातात काही नाही? तर म्हणाले, "थोडं तरी हाय ना हातात. थोडं हाय म्हणून तर पगार देऊन राह्यले."

आता त्या दुपारकडे येतो. इथपर्यंत मी भरपूर रमतगमत आलो, ते का, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलं असेल.

उन्हाळा. आमच्याकडचा म्हणजे खरा. सगळ्या विदर्भात कूलर लागलेले, प्रत्येक केंद्राकडून मिळेल तेवढी वीज ओढून घेणं चाललेलं. कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवणारे लोक दर दहा मिनिटांनी एका फोनवर: भार वाढवा, अजून वाढवा. शिफ्ट इन्चार्ज साहेबांबरोबर मीटिंगमध्ये. पॅनलवर मी आणि आणखी दोघं. सव्वादोनला दुसरा फोन वाजला. देवीभाऊ.

ते जे बोलले ते मला अक्षर न अक्षर पाठ आहे. तेव्हा पाठ केलं नव्हतं. पण ते गेलंच नाही.

"मधू, धुराचा पंखा, दोन नंबर. भायेरच्या बाजूच्या बेरिंगमधी एक दाणा फुटला. तासभर दम काढीन. भार कमी करा, पंखा सावकाश बंद करा. लिहून घे."

दाणा म्हणजे बेरिंगमधला लोखंडी रूळ. मी काट्यांकडे पाहिलं. बेरिंगचं तापमान ठीक. कंपन ठीक. सगळे काटे शहाण्या मुलांसारखे हाताची घडी घालून बसलेले. दुसऱ्या कानाला भार वाढवणारे. त्यांना सांगायचं काय? की आमच्याकडचा एक म्हातारा काठीला कान लावून म्हणतो म्हणून निम्मा भार कमी करतो? मी "हं, हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

शेजारच्या दोघांनी विचारलं, "काय म्हणतात डाक्टर?"

आणि माझं तोंड, त्याला सवयच तशी, माझ्या आधी बोललं: "म्हणतात, पंख्याचं बाळंतपण जवळ आलं. कळा सुरू झाल्या. पाणी तापवा."

ते दोघे इतके हसले की एकाच्या हातातला पेन खाली पडला. मीही हसलो. हसून झाल्यावर लिहायचं होतं. तेवढ्यात भारवाल्यांचा फोन पुन्हा आला.

वीस-पंचवीस मिनिटांनी देवीभाऊंचा दुसरा फोन. "मधू, भार उतरला नाई. लिहिलं ना?"

मी म्हणालो, "लिहिलं, लिहिलं."

आयुष्यात मी चंद्र-सूर्य इकडचे तिकडे केले. बसचं चाक निखळून बसच्या पुढे मेहकर फाट्यापर्यंत धावत नेलं. पण माझं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे हेच, आणि त्यात गंमत अशी काहीच नव्हती.

तीन वाजून गेले असतील. आधी एक हादरा आला, चहाच्या कपातल्या चहाला रिंगण पडावं एवढाच. मग सगळे काटे एकदम उठून पळाले. बेरिंग जाम झालं, पंखा थांबला, भट्टीत धूर तुंबला आणि युनिट ट्रिप झालं, म्हणजे भट्टीपासून चाकापर्यंत सगळं आपोआप बंद पडलं. वाफेच्या झडपा उघडल्या की कसा आवाज होतो तो मी वाढवून सांगू शकत नाही. तो आधीच वाढवलेला असतो. तिकडे, देवीभाऊ म्हणायचे तसं त्याच घडीला, अचानक तूट पडली म्हणून कितीतरी गावांची लाईन कापली गेली. दवाखाने, पाण्याच्या टाक्या, कूलरखाली झोपलेली लहान पोरं. अर्ध्या दळणातल्या गिरण्या.

कोणाला इजा झाली नाही. एवढ्याच आधारावर मी पुढची वर्षं झोपलो. युनिट पुन्हा उभं राहायला मात्र चार दिवस गेले. नुसतं बेरिंग नव्हे, पंख्याचा दांडाही गेला होता. आधी सावकाश थांबवला असता तर संध्याकाळपर्यंत काम झालं असतं, हे चौकशीच्या पहिल्याच पानावर होतं.

चौकशीला बाहेरचे एक साहेब आले. प्रश्न सरळ होता: हा आवाज आधी येतो, मग राउंडवाल्याने तो सांगितला का? लॉगबुकात नोंद नव्हती. म्हणजे एक तर देवीभाऊंनी सांगितलं नाही, नाहीतर मी लिहिलं नाही. माझी बढती तेव्हा सहीसाठी टेबलावर पोचलेली. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण होती.

खोलीत साहेब, आमचे इन्चार्ज, पॅनलवरचे ते दोघं, मी आणि देवीभाऊ. देवीभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोन्ही कानांतला कापूस काढून खिशात ठेवला होता. माणसांसाठी त्यांना कापूस काढताना मी पहिल्यांदा पाहिलं.

साहेबांनी मला विचारलं, "यांनी बिघाडाची सूचना दिली होती?"

"फोन आला होता साहेब."

"मग लिहिलं का नाही? काय म्हणाले ते?"

त्या दोघांचं माझ्याकडे लक्ष. त्यांना ठाऊक असलेलं एकच वाक्य होतं, आणि ते माझं होतं. मी म्हणालो, "नेहमीसारखंच, गमतीत बोलले साहेब. पंख्याचं बाळंतपण जवळ आलं म्हणाले."

साहेबांच्या तोंडून हसू निसटलं. इन्चार्जही हसले. ते दोघं माना डोलवत म्हणाले, "हो साहेब, बाळंतपणच म्हणाले. ते तसंच बोलतात. चिखलीच्या लग्नात तर..."

देवीभाऊ माझ्याकडे वळले. "मधू, पुन्हा म्हण बरं. मले नीट आयकू नाई आलं."

घराएवढ्या पंख्याच्या पोटातला करंगळीएवढा फुटका रूळ ज्यांना ऐकू आला होता, त्यांना चार हातांवरचं माझं बोलणं ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं. शब्द न शब्द. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज कसा येत होता ते त्या खोलीत एकाच माणसाला कळलं असेल.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही असं म्हणालात?"

देवीभाऊ म्हणाले, "मी काय म्हटलं ते ह्याले माहीत हाय." एवढंच. भांडले नाहीत, शपथ घेतली नाही. आणि आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "चिखलीच्या लग्नात काय झालतं?"

तोवर त्यांना आपल्याबद्दलची एकही गोष्ट माहीत नव्हती. इतकी वर्षं ते कापसात होते.

'सूचना गांभीर्याने न दिल्याबद्दल' अशी नोंद त्यांच्या सेवापुस्तकात झाली. ती पहिली आणि शेवटची. सळई वापरू नये असाही आदेश निघाला, मोजायला यंत्रं आहेत म्हणून. त्यांना राखेच्या पाण्याच्या पंपघरात टाकलं. केंद्राच्या पार टोकाला, जिथे राख पाण्यात कालवून तळ्याकडे ढकलतात. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं ते तिथे होते. मी इन्चार्ज झालो. पंपघराचा राउंड माझ्या कागदावर असायचा आणि मी तो दुसऱ्याला द्यायचो. एकदा टाळता आला नाही. गेलो तर देवीभाऊ राखेने पांढरे, स्टुलावर बसलेले. दोन्ही कानांत कापूस. पंप माझ्यासारख्यालाही ऐकू येईल असा खडखडत होता. मी ओठ मोठे हलवून म्हटलं, "पंप वाजतोय!" त्यांनी भिंतीवरच्या मीटरकडे बोट दाखवलं. मीटर ठीक होता.

ते निवृत्त झाले तेव्हा मी रजा टाकली होती.

मग गेल्या वर्षी माझा निरोप समारंभ झाला. हार, शाल, पेढे. भाषणं संपल्यावर नव्या पोरांनी गिल्ला केला: "मधूसाहेब, पंख्याचं बाळंतपण! बाळंतपण झालंच पाहिजे!" देवीभाऊंना त्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि गोष्ट सांगितली. हात वर केला, डोळे मिटले, "पाणी तापवा" म्हटलं. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी खाली बसलो आणि हातातला पेढा तसाच परत ताटलीत ठेवला. बायकोला वाटलं, निवृत्तीचं दुःख. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात चिखलीहून निघालो. बुलढाण्याला गाडी बदलून दुपारी धामणगावला उतरलो. घर विचारायची वेळच आली नाही. स्टँडजवळच गिरणी दिसली आणि दारात स्टुलावर देवीभाऊ. मिशा तेवढ्याच, खाली माणूस थोडा कमी झालेला. कानांत कापूस. आत डबे घेऊन सात-आठ बायामाणसं, पट्ट्याचा फटफट आवाज, पिठाचा धूर. कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली सळई.

मला पाहून त्यांनी आधी डावा, मग उजवा कापूस काढला. "बस, मधू. कायची गाडी होती? बुलढाण्याची? चहा सांग रे."

पुतण्या पिठाने माखलेला बाहेर आला. "काका, हे तेच का, बाळंतपणवाले?" आणि मला म्हणाला, "तुमची गोष्ट आमच्याकडं लय फेमस हाय बाप्पा! सांगा ना, तुमच्या तोंडून."

गिरणीतल्या बायासुद्धा वळल्या. एक म्हातारी म्हणाली, "सांग ना भाऊ, दळण होयेस्तोवर."

मी देवीभाऊंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी उभा राहिलो. सांगितलं सगळं. सव्वादोनचा फोन, फुटका दाणा, तासभराचा दम, काटे, कूलर, भारवाले. बाळंतपण हा शब्द त्यांचा नव्हता, माझा होता. 'लिहिलं, लिहिलं' म्हणालो ते खोटं होतं. साहेबांपुढे म्हणालो तेही. पंपघरात जायला हवं होतं ते मी. उभ्या जन्मात एवढं सरळ मी कधी बोललो नव्हतो. एकदाही हात हलवला नाही, आवाज बदलला नाही.

संपलं. आणि मग जो हशा उठला! पुतण्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय फेकते बे हा मानूस! आता म्हनते मीच चोर!" म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "लय नाटकी बाई." माझ्या कुठल्याच गोष्टीला एवढी दाद मिळाली नव्हती.

देवीभाऊंनी हात वर केला. तळवा समोर. गिरणी चालू होती, तरी शांत झालं.

"हसू नका," ते म्हणाले. "खरं हाय ते."

एवढं पुरलं. सगळ्यांच्या तोंडावरचं हसू उतरलं आणि ती माणसं माझ्याकडे बघू लागली. एका वाक्यात त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं, काटा न बघता. मी त्यांचं मानलं नव्हतं.

चहा आला. आम्ही तो बशीत ओतून प्यालो. मला वाटलं ते काही बोलतील, शिवी देतील. मी वाटच बघत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "मंग लिहिलं का कुठं?"

"काय?"

"तवा लिहिलं लिहिलं म्हनला होता. लिहिलं का?"

"नाही, देवीभाऊ."

"मंग लिह्य ना आता," ते म्हणाले. "हितं सांगून काय होते. ह्या बाया उद्या इसरतीन."

परतीची गाडी लागली. मी खिडकीशी बसलो. गिरणीचं दार समोरच होतं. देवीभाऊ उठले, कोपऱ्यातली सळई घेतली, एक टोक मोटारीच्या बेरिंगला टेकवलं, गोळ्याला कान लावला, डोळे मिटले. मी खिडकीतून हात हलवला. त्याच वेळी त्यांचाही हात वर गेला. मला क्षणभर वाटलं, निरोप. पण तळवा आत होता, गिरणीकडे. आतली माणसं बोलायची थांबली होती. गाडी वळेपर्यंत तो हात तसाच होता.

म्हणून ही नोंद.

दुपारची शिफ्ट. वेळ सव्वादोन. देवीदासभाऊंनी फोनवरून कळवलं: धुराचा पंखा क्रमांक दोन, बाहेरच्या बाजूच्या बेरिंगमधला एक दाणा फुटला आहे. तासभर दम काढील. भार कमी करून पंखा सावकाश बंद करावा.

नोंद घेणारा: मधुकर, डेस्क. नोंद उशिरा घेतली.